लग्नांनी खाल्लेला रस्ता

व्हॅल्युअर गुरुवारी येणार होता आणि बुधवारी दुपारपासूनच आमच्या गल्लीला मुलगी दाखवायच्या घराची कळा आली. ती मीच आणली होती. तामसी गावच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता दर वर्षी स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे कुठलाही कार्यक्रम म्हटला की कोण कुठे उभं राहील हे आधी माझ्या डोळ्यांपुढे येतं. दर्शनी भिंतीला चुन्याचा हात मारला, भिंतीला जिथे ओल आली होती तिथे तुळशीची कुंडी सरकवली आणि घरोघर जाऊन सांगितलं, "उद्या सकाळी जरा बरे कपडे घालून आपापल्या ओट्यावर बसा. गल्ली भरलेली दिसली पाहिजे. इथली माणसं सुखी आहेत असं त्या माणसाला वाटलं पाहिजे."

बायको दारातून हे बघत होती. ती म्हणाली, "घराची किंमत काढाले येऊन राह्यला तो. तुमची नाही."

तिला हसू येत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. लग्न होऊन आदिलाबादेत आलो तेव्हापासून आम्ही भाड्याच्या घरांतून फिरत आहोत. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून, कुठे बोअर आटली म्हणून, तर कुठे नुसतंच 'आता आम्हाला लागेल' म्हणून घर सोडावं लागलं. दर वेळी डबे, गाद्या, सिलिंडर आणि तिचं शिलाई मशीन छोट्या हत्ती टेम्पोत चढवायचं आणि दुसऱ्या मोहल्ल्यात उतरवायचं. दर वेळी मशीनचा एखादा भाग हरवायचा आणि दर वेळी तिचे गुडघे थोडे जास्त कुरकुरायचे. या घरात मात्र आमचा मुक्काम लांबला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे थोडं अंगण. मालक निवृत्त होऊन हैदराबादला लेकीकडे राहायला गेले होते आणि आम्ही आहोत हे जवळजवळ विसरले होते. यापेक्षा चांगला मालक भाडेकरूला मिळत नाही.

उन्हाळ्यात त्यांना आमची आठवण झाली. फोन आला, "घर काढायचं म्हणतो. पहिला हक्क तुमचा. दसऱ्यापर्यंत सांगा. नाही जमलं तर दुसरं गिऱ्हाईक पाहीन."

मी फोन ठेवला. बायको पलंगावर बसली होती. तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "मी आता बिऱ्हाड हलवत नाही. तुमाले जायचं असन त जा."

ही धमकी नव्हती. थकलेलं माणूस खाली बसतं आणि आता उठायचं नाही असं ठरवतं, तसा तो आवाज होता. आता एकच प्रश्न उरला होता. दसऱ्याच्या आत हे घर आमचं होणार की पुन्हा छोटा हत्ती दारात उभा राहणार?

मालकांशी भाव ठरला. आमची शिल्लक, तिची भिशी आणि उरलेलं बँकेचं कर्ज, असा हिशेब जुळत होता. मग बँकेत गेल्यावर नवी गोष्ट कळली. तुम्ही आणि मालकांनी फोनवर किती गोडीने भाव ठरवला याच्याशी बँकेला काही देणंघेणं नसतं. बँक आपला माणूस पाठवते. तो येऊन घराची किंमत काढतो, आणि कर्ज मिळतं ते त्याच्या किमतीच्या हिशेबाने. हा व्हॅल्युअर तोच माणूस.

तो आला तेव्हा त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली. ड्रायव्हरने आरसे मिटले, पुढे घेतली, मागे घेतली आणि शेवटी नाद सोडला. साहेब पायी आले. माझ्या सूचनेप्रमाणे गल्ली दोन्ही बाजूंनी ओट्यांवर सजून बसली होती. समोरच्या मावशींनी तर ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. पहाटे तोडलेली वांगी, मेथी, अंबाडी घेऊन त्या रोज आपल्या ओट्यावर बसतात आणि अर्धा मोहल्ला त्यांच्याकडून भाजी नेतो.

व्हॅल्युअर तरुण होता, पण चेहरा आमच्याइतकाच थकलेला. सकाळी एक घर पाहून आला होता आणि इथून उटनूरला जायचं होतं. भाषा तेलुगू वळणाची हिंदी. मी नांदी सुरू करणार एवढ्यात त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं, भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि चहा उकळायच्या आत दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, अंगण सगळं मोजून मोकळा झाला. कुंडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. एवढ्या मेहनतीने लपवलेल्या ओलीचा अपमानच झाला म्हणायचा.

"घर ठीक है सार. अब बाहर देखेंगे."

आणि मग तो बाहेरच राहिला. मोठा रस्ता किती लांब? नाला कुठून जातो? जिनिंग मिल कोणत्या अंगाला? कापसाच्या दिवसांत सरकीची धूळ इथवर येते का? गल्लीत शेवटचं घर कधी विकलं गेलं, आणि केवढ्याला? मी म्हटलं, "साहेब, घर तर आत आहे."

तो म्हणाला, "दीवार आप नयी बना लोगे सार. रोड नहीं बना सकते."

मग त्याने पिशवीतून टेप काढली. लाल ठिपका उन्हात दिसत नव्हता, म्हणून साधी, पिवळी, गुंडाळीची टेप. दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. मावशी लगबगीने उठल्या, टोक हातात घेतलं आणि आपल्या ओट्याच्या कडेला घट्ट दाबून धरलं. व्हॅल्युअरने टेप आमच्या ओट्यापर्यंत ओढली. आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि फोटो काढला. फोटोसाठी मावशींनी पदर सारखा केला.

"यहाँ फायर गाडी आएगी क्या, अम्मा?"

"आगीची गाडी?" मावशींनी मोठ्या अभिमानाने उत्तर दिलं, "कायले पायजे? आग लागली त आमी हाओ ना!"

ओट्यांवरचे सगळे हसले. व्हॅल्युअर हसला नाही. त्याने काहीतरी टिपून घेतलं आणि निघाला. कार्यक्रम फारच छान झाला असं म्हणत मी घरात आलो. आमच्या शेजारचे गिरदावरसाहेब माझ्या मागोमाग आले. ते महसूल खात्यात होते, जन्मभर लोकांच्या जमिनींचा मोका पाहिला, म्हणजे जागेवर जाऊन तपासणी केली, आणि आता निवृत्त होऊन आमच्या गल्लीचा पाहतात.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचं नाटक पडलं."

"काऊन?"

"नकाशात ही गल्ली वीस फुटांची हाय. त्याच्या टेपवर सात भरली."

"मग बाकीचा रस्ता गेला कुठं?"

गिरदावरसाहेबांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. पाहुणा गेल्यावरही गल्ली अजून ओट्यांवर बसून होती. "त्याच्यावर बसून राह्यले ना सारे," ते म्हणाले.

आमच्या गल्लीचा हा एक जुना रिवाज आहे आणि तो मला तोवर फार गोड वाटत असे. घरात मुलीचं लग्न निघालं की मांडव दारात, म्हणजे रस्त्यात पडतो. मांडवातल्या वऱ्हाडाला बसायला जागा हवी, वाजंत्र्यांना हवी, म्हणून लग्नाआधी गवंडी बोलावून ओटा हातभर पुढे घ्यायचा. लग्न होतं, मांडव उतरतो, मुलगी सासरी जाते. ओटा राहतो. पुढच्या मुलीच्या लग्नाला तो आणखी पुढे येतो. समोरच्यांकडेही मुली असतात. मावशींना तीन मुली, म्हणून त्यांचा ओटा गल्लीत सगळ्यांत ऐसपैस. आमच्या ओट्याची लांबी मालकांच्या लेकीच्या लग्नातली. गिरदावरसाहेबांचाही तसाच. सगळ्या मुली सुखात नांदताहेत. रस्ता तेवढा गेला.

बँकेतून बोलावणं आलं. व्हॅल्युअरने काढलेली किंमत आम्ही ठरवलेल्या भावाच्या इतकी खाली होती की मी आधी दुसऱ्याच कुणाचं घर असावं असं समजलो. कर्ज विभागाचे साहेब भले होते. त्यांनी समजावलं, "घरात खोट नाही. पण रस्ता अरुंद, गाडी आत येत नाही, फायर इंजिन येत नाही. उद्या तुम्ही हप्ते थकवले आणि बँकेला हे घर विकायची पाळी आली तर ते कोण घेईल, तेवढं बघून किंमत धरतात." मग सुचवलं, "रस्ता नकाशाप्रमाणे मोकळा झाला तर मी त्याला परत पाठवतो."

बसने घरी येताना मी खुशीत होतो. आता ओट्यांवरून लोकांना उठवायचं, म्हणजे बोलायचं काम. बोलायचं काम म्हणजे माझंच.

गल्लीच्या तोंडापासून आमच्या घरापर्यंत आड येणारे ओटे तीन: गिरदावरसाहेबांचा, मावशींचा आणि आमचा. आमच्यासाठी मालकांना फोन केला. त्यांनी ओटा किती तोडायचा ते विचारलं. मग म्हणाले, "माझी पोरगी त्याच ओट्यावरून गाडीत बसली. तोडा, पण आधी फोटो काढून पाठवा." मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी गवंड्याने घण घातला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी पायरीएवढी जागा उरली. मला वाटलं होतं की हा त्याग पाहून गल्ली हेलावेल. गल्ली येऊन विचारून गेली, "आता तुमी संध्याकाळी बसान कुठं?"

गिरदावरसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि कायदा सांगितला. ओटा म्हणजे अतिक्रमण, हे त्यांनीच शपथेवर मान्य केलं. "पन कब्जा जुना हाय," असंही सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही जन्मभर लोकांची अतिक्रमणं काढलीत. ते म्हणाले, "लोकायची काढली. माहं कोन काढनार?" दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा चहा. असे कितीतरी चहा पिऊन झाल्यावर ते एवढ्यावर आले की मावशींनी तोडला तर मीही तोडतो. मावशी काही तोडत नाहीत याची त्यांना खात्री होती.

मावशी ऐकून घेत, वांगी निवडत. "तुमाले घर पायजे, म्हनून मी रस्त्यावर येऊ का?" एवढंच एकदा म्हणाल्या. मग रोज शाळेतून आलो की बसचा धुरळा अंगावर तसाच ठेवून मी त्यांच्या ओट्यासमोर उभा राहायचो. भाषणं दिली. रुंद रस्त्याची स्वप्नं दाखवली. भाजीच्या दुकानात आणि सलूनमध्येही सांगत सुटलो की आमची गल्ली आता वीस फुटांची होणार, जमिनीचे भाव बघा कसे चढतात. तिकडे घरात बायको रोज एकच विचारायची, "हो म्हनाल्या का?" मी नाही म्हणायचो. ती स्वयंपाकाला लागायची. पुढे पुढे तिने विचारणंही सोडलं आणि एक दिवस पाहिलं तर तिने माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढून भिंतीशी रचून ठेवली होती. भाषण संपलं की माझी कंबर दुखायची, आणि त्या आठवड्यात ती दिवसभर दुखत होती.

मग मालकांचा फोन आला. आवाज बदललेला.

"रस्ता वीस फुटांचा होऊन राह्यला म्हणे?"

"प्रयत्न चालू आहे," मी मोठ्या उमेदीने म्हणालो.

"एक कापसाचा व्यापारी विचारून गेला. त्याला गोडाऊनला जागा पाहिजे. त्याने बाजारात ऐकलं की गल्लीत आता लॉरी जाईल. तुमच्यापेक्षा बराच जास्त देतो म्हणाला. पहिला हक्क तुमचा आहे, मी शब्द फिरवत नाही. पण त्याच्या भावाला घ्या. परवा तो जागा पाहायला येणार आहे."

मी फोन ठेवला आणि पलंगावर बसलो. रस्ता रुंद झाला की बँक आमच्या घराची किंमत वाढवणार होती, हे मला कळत होतं. ती किंमत साऱ्या जगासाठी वाढणार होती, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. बँक जेवढं वर चढेल तेवढेच मालकही वर चढणार. आम्ही होतो तिथेच, आणि वर लॉरीवाला गिऱ्हाईक. त्या व्यापाऱ्याला इतके दिवस या घराकडे फिरकू न देणारी एकच गोष्ट होती: मावशींचा ओटा.

बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हनजे ओटा पायजे का नको?"

"पाहिजे," मी म्हणालो.

"मंग त्या काय करून राह्यल्या?" तिने खिडकीबाहेर बघितलं.

समोर गवंडी घण घेऊन उभा होता. मावशींनी टोपल्या, तराजू, गोणपाट सगळं ओट्यावरून खाली उतरवलं होतं. मी अनवाणी धावलो.

"मावशी, थांबा! थांबा! घण खाली ठेव रे बाबा!"

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "काऊन? येवढे दिवस डोकं खाल्लं ना माहं?"

"नका तोडू. हात जोडतो. ओटा राहू द्या."

"तुमी मास्तर हा का नाटकवाले हा?"

गिरदावरसाहेबही बाहेर आले, चेहऱ्यावर मोठा आनंद. गवंडी म्हणाला, माझी रोजी कोण देणार? त्याची रोजी मी दिली, न तोडल्याबद्दल. मग मी मावशींना सगळं समजावलं. लॉरी, गोडाऊन, वाढलेला भाव.

"पण तुम्ही एकदम तोडायला कशा निघालात?" मी विचारलं.

"तुमच्या भाषनानं नाही," त्या म्हणाल्या. "काल तुमची बाई खोकी झटकून राह्यली होती दारात. मले दिसली. भाजी काय, खाली गोनपाट टाकून बी विकता येते. पन ही गेली त उन्हाळ्यात माह्यासंगं मिरच्या कोन कुटन?" आणि मग माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे वळून, "धर वं, ह्या टोपल्या वर ठेवू लाग. तुह्या नवऱ्यानं दमवलं मले."

व्यापारी सांगितल्याप्रमाणे आला. हुशार माणूस, रिकामी लॉरीच घेऊन आला. ती गल्लीच्या तोंडाशी वळली, गिरदावरसाहेबांच्या ओट्यापाशी घासत थांबली. पुढे मावशी वांगी मांडून बसल्या होत्या, आणि त्या दिवशी गल्लीतल्या बायकांना भाजी अगदी निवडून निवडून घ्यायची होती. मी यातलं काहीही बसवलेलं नव्हतं. मी आत पडदा सारून उभा होतो. व्यापारी खाली उतरला, ओट्याकडे पाहिलं, लॉरीकडे पाहिलं, मावशींना विचारलं, "हे निघणार आहे ना?"

"हे?" मावशी म्हणाल्या, "अजून नाती हायेत मले. वाढनारच हे."

त्याने मालकांना तिथूनच फोन लावला. लॉरी उलटी निघायला बराच वेळ लागला.

मालक पुढच्या आठवड्यात स्वतः आले. आता त्यांच्यापाशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. असतं तरी त्यानेही बँकेकडूनच कर्ज काढलं असतं आणि बँकेने तीच टेप पाठवली असती. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. मावशींकडे काय मागितलं आणि नंतर काय थांबवलं, दोन्ही सांगितलं. ते आमच्या तुटक्या पायरीवर बसले, कारण बसायला तेवढंच होतं.

"मला पण आता पुरे झालं," ते म्हणाले. "दर वेळी हैदराबादहून यायचं, बसमध्ये कंबर मोडते. तो व्हॅल्युअर काय म्हणाला तेच धरू. थोडं वर द्या, म्हणजे माझ्या लेकीला सांगता येईल."

थोडं वर दिलं. त्यासाठी बायकोने मशीन विकलं. मी नको म्हणालो तर ती म्हणाली, "त्याचा एक भाग तसाही मागच्या घरी राह्यला होता."

दसऱ्याच्या आधी रजिस्ट्री झाली. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत दिवसभर बाकावर बसलो, फोटो काढले, अंगठे उठवले, आणि दोघं दमून घरी आलो. त्या संध्याकाळी दारात माणसं येऊ लागली. गिरदावरसाहेबांनी वास्तुशांतीचा मुहूर्त विचारला. कुणी सत्यनारायण कधी, कुणी पेढे कुठेत. गल्लीची मागणी रास्त होती, आणि एरवी मी तिथल्या तिथे कार्यक्रमाची रूपरेषा सांगितली असती.

बायको दारात आली. "सगळं करू," ती म्हणाली. "आधी झोपू द्या."

तिने दार लोटलं, कडी घातली आणि आम्ही दोघं जे झोपलो ते दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीतून पलंगावर येईपर्यंत. माझी शाळेची बस गेली होती. तिला जाग आली तेव्हा ती घाबरून उठून बसली. मग तिने आजूबाजूला पाहिलं, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.